इंग्लंड: नेबरहूड प्लॅनवर एक्झामिनरचा अहवाल आला, आता रेफरेंडमपर्यंत काय काय होतं?

पॅरिशप्रवासी
नमस्कार मंडळी. आमच्या पॅरिश कौन्सिलच्या (गावपातळीच्या कौन्सिलच्या) नेबरहूड प्लॅनवर, म्हणजे गावात कुठे काय बांधावं याच्या आराखड्यावर, एक्झामिनरचा (स्वतंत्र परीक्षकाचा) अहवाल हातात आलाय. शेरा असा: सुचवलेले बदल करून प्लॅन रेफरेंडमला (गावाच्या सार्वमताला) पाठवावा. गावात साधारण ३,२०० मतदार आहेत. डिस्ट्रिक्ट कौन्सिलला विचारलं की "प्रक्रिया सुरू आहे" एवढंच उत्तर येतं. आता नेमकं कोण काय करतं, किती दिवसांत, आणि खर्च कोणाच्या माथी? बदल सुचवलेत ते आम्ही नाकारू शकतो का? शक्यतो मे महिन्यातल्या स्थानिक निवडणुकीबरोबरच मतदान व्हावं अशी गावात इच्छा आहे. जाणकारांनी सांगावं.

नकाशावाला
खर्चाचं आधी सांगतो, कारण तिथे उगाच घबराट असते. रेफरेंडम घेणं आणि त्याचा खर्च उचलणं ही स्थानिक प्लॅनिंग अथॉरिटीची, म्हणजे तुमच्या डिस्ट्रिक्टची जबाबदारी. पॅरिशला बिल येत नाही.

आता क्रम. अहवाल मिळाल्यापासून पाच आठवड्यांत डिस्ट्रिक्टने एक्झामिनरच्या प्रत्येक शिफारशीवर निर्णय घ्यायचा आणि कारणांसह डिसिजन स्टेटमेंट प्रसिद्ध करायचं. एक्झामिनरचा अहवाल कायद्याच्या भाषेत शिफारसच असतो. शेवटचा निर्णय डिस्ट्रिक्टचा. त्यामुळे बदल नाकारण्याचा अधिकार पॅरिशकडे नाही. बोलता येतं, समजावता येतं, आणि अगदीच पटलं नाही तर डिस्ट्रिक्टचा निर्णय होण्याआधी प्लॅन मागे घेता येतो. डिस्ट्रिक्टलाही मनमानी करता येत नाही. बदल करायचा तो प्लॅन 'बेसिक कंडिशन्स'मध्ये (कायद्याने घातलेल्या मूलभूत अटींमध्ये) बसावा, मानवी हक्कांशी सुसंगत राहावा किंवा चुका दुरुस्त व्हाव्यात, एवढ्यासाठीच. नवा पुरावा पुढे आला म्हणून किंवा त्याच पुराव्याकडे वेगळ्या नजरेने बघून डिस्ट्रिक्टला एक्झामिनरपेक्षा वेगळा निर्णय घ्यायचा असेल, तर संबंधितांना कळवून सहा आठवडे म्हणणं मागवावं लागतं. म्हणजे पाच आठवड्यांचं गणित तिथेच कोलमडतं.

उशीर बहुतेक वेळा कमिटीच्या कॅलेंडरमुळे होतो. निर्णय कॅबिनेटकडे (कौन्सिलच्या कार्यकारी मंडळाकडे) असेल आणि पुढची बैठक सात आठवड्यांनी असेल तर मुदत गेलीच. म्हणून पहिला फोन करून एवढंच विचारा: हा निर्णय अधिकाऱ्याकडे डेलिगेट केलाय की कमिटीपुढे जाणार? मुदत उलटूनही हालचाल नसेल तर पॅरिशला मंत्र्यांकडे हस्तक्षेपाची विनंती करता येते. ही तरतूद २०१६च्या हाउसिंग अँड प्लॅनिंग ॲक्टमधली. पण ते शेवटचं हत्यार. आधी नुसता उल्लेख पुरतो.

या पाच आठवड्यांत तुमच्याकडचं खरं काम म्हणजे रेफरेंडम आवृत्ती. मतदारांसमोर बदल केलेलाच मसुदा जातो, आणि घोळ होतात ते इथे. एक्झामिनरने 'लोकल ग्रीन स्पेस'च्या (संरक्षित हिरव्या जागांच्या) यादीतून दोन जागा वगळल्या, मजकुरातून त्या गेल्या, पण परिशिष्टातल्या नकाशावर हिरव्याच राहिल्या. किंवा एक धोरण रद्द झालं, पुढच्या सगळ्यांचे क्रमांक बदलले आणि मागच्या परिच्छेदात "धोरण एच७ पाहा" तसंच लटकत राहिलं. उद्या अपिलात डेव्हलपरचा वकील नेमकं तेच पान उघडतो. तीन रकान्यांचा तक्ता करा: एक्झामिनरची शिफारस, मसुद्यातली जागा, केलेला बदल. नकाशाची मूळ जीआयएस (संगणकीय नकाशाची) फाइल कन्सल्टंटकडे असेल तर ती आजच मागून घ्या. करार संपल्यावर ती मिळवताना नाकी नऊ येतात.

डिसिजन स्टेटमेंट निघालं की पुढच्या ५६ दिवसांत रेफरेंडम. म्हणजे आठ आठवडे धरून चाला.

टपालीमत
वरचं सगळं बरोबर, फक्त आठ आठवडे धरू नका. नियमांत 'दिवस' म्हणजे कामाचा दिवस. शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे वगळायचे. त्यामुळे ५६ दिवस म्हणजे अकरा आठवड्यांहून थोडे जास्तच. निर्णयाच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायला सुरुवात. व्यवसायांचं वेगळं मतदान असेल तर मुदत ८४ दिवस.

मे महिन्यातल्या मतदानाबाबत: ५६ दिवसांची मुदत संपल्यानंतर तीन महिन्यांच्या आत दुसरं मतदान येणार असेल आणि दोन्ही एकत्र घेता येत असतील, तर तोपर्यंत थांबायची मुभा आहे. शिवाय पॅरिश आणि डिस्ट्रिक्ट दोघांच्या संमतीने वेगळी तारीखही ठरते. एकत्र घेतल्याने मतदान केंद्रांचा खर्च वाचतो, म्हणून डिस्ट्रिक्टही सहसा तयार असतं.

तारीख ठरली की उलटं मोजायचं. मतदानाआधी किमान २८ कामाचे दिवस डिस्ट्रिक्टने माहितीपत्रक आणि ठरलेली कागदपत्रं वेबसाइटवर आणि रेफरेंडमच्या हद्दीत बघायला ठेवली पाहिजेत. ७ मे २०२६ची तारीख घ्या. मध्ये मे महिन्याचा बँक हॉलिडे, ईस्टर मंडे आणि गुड फ्रायडे. मोजत मागे गेलात की २५ मार्च येतो. कॅलेंडरवर नुसते २८ दिवस मोजणारा ९ एप्रिलला कागद लावेल, आणि पुढे निकालाला आव्हान द्यायचं झालं तर हाच मुद्दा आयता सापडेल. एखादा आठवडा हाताशी ठेवूनच कागद लावायला सांगा.

ठेवायची कागदपत्रं पाच: मसुदा प्लॅन, एक्झामिनरचा अहवाल, एक्झामिनरकडे गेलेल्या हरकती-सूचनांचा सारांश, मसुदा बेसिक कंडिशन्स पूर्ण करतो असं डिस्ट्रिक्टचं निवेदन, आणि प्लॅनिंग व रेफरेंडमची सर्वसाधारण माहिती. माहितीपत्रकात तारीख, मतपत्रिकेवरचा प्रश्न, हद्दीचा नकाशा, मत कोणाला देता येतं, प्रचारखर्चाची मर्यादा आणि ती ज्या मतदारसंख्येवर काढली तो आकडा, हे सगळं हवं. हा आकडा आणि कागद कुठे, किती वाजता बघता येतील ही ओळ, या दोनच गोष्टी हमखास राहून जातात. गावातली लायब्ररी आठवड्यातून दोनच दिवस उघडत असेल तर तसं लिहा.

पॅरिशप्रवासी
दोघांचेही आभार. कामाचे दिवस हे लक्षातच आलं नसतं. आता दोन शंका. पॅरिश कौन्सिलने "होय म्हणा" असं पत्रक छापून घरोघरी वाटलं तर चालेल का? आणि गावात शनिवार-रविवारी येणारे बरेच घरमालक आहेत, काही शेतजमिनीचे मालक बाहेरगावचे आहेत. त्यांना मत आहे?

क्लार्कबाई
पत्रक: पॅरिशच्या पैशाने नको. पॅरिश कौन्सिललाही सरकारी पब्लिसिटी कोड लागू आहे, आणि मतदानाआधीच्या २८ दिवसांत तर कौन्सिलांच्या प्रचारसाहित्यावर वेगळे निर्बंध आहेत. त्या काळात तारीख, जागा, वेळ आणि कागदपत्रांची लिंक एवढंच द्या, विशेषणं गाळा. "आपलं गाव वाचवा" असं न्यूजलेटरच्या मथळ्यात आलं की प्रचार झाला. प्लॅनमध्ये काय आहे हे समजावणारी सभा, प्रदर्शन, चार पानी सारांश हे सगळं त्याआधी उरकून घ्या.

प्रचार करायचाच असेल तर रहिवाशांनी वेगळा गट करून, स्वतःच्या पैशाने करावा. कौन्सिलरही वैयक्तिक नात्याने त्यात येऊ शकतात, पण कौन्सिलचं लेटरहेड, ईमेल, फोटोकॉपियर यांना हात लावायचा नाही. प्रचार चालवणाऱ्याला खर्चाची मर्यादा आहे: २,३६२ पौंड अधिक दर मतदारामागे ५.९ पेन्स. तुमच्या ३,२०० मतदारांवर वरचे १८८ पौंड ८० पेन्स, एकूण २,५५० पौंड ८० पेन्स. ती ओलांडणं हा गुन्हा आहे. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव-पत्ता टाकाच.

मत कोणाला: त्या हद्दीतल्या पत्त्यावर स्थानिक निवडणुकीच्या मतदारयादीत नाव असलेल्याला. नुसती जमीन किंवा घर नावावर असून भागत नाही. वीकेंडवाल्यांचं नाव यादीत असेल तर मत आहे, नसेल तर नाही. दुकानदार, कंपन्या यांनाही मत नसतं, मात्र हद्द 'बिझनेस एरिया' म्हणून घोषित असेल तर व्यवसायांचं दुसरं, वेगळं मतदान होतं. सेंट्रल मिल्टन कीन्समध्ये मे २०१५ला तसं झालं होतं. अशा ठिकाणी एकीकडे होय आणि दुसरीकडे नाही आलं तर निर्णय अथॉरिटीच्या हातात जातो.

हद्द एकदा तपासा. एक्झामिनर कधीकधी रेफरेंडमची हद्द प्लॅनच्या हद्दीबाहेर वाढवायला सांगतो. क्वचित होतं, पण अहवालाच्या शेवटच्या पानावर ते एक वाक्य असतंच.

बाकी सगळं निवडणुकीसारखं: केंद्र सकाळी ७ ते रात्री १०, फोटो ओळखपत्र आवश्यक. नावनोंदणी मतदानाच्या १२ कामाच्या दिवस आधीपर्यंत, टपाली मतासाठी अर्ज ११ कामाच्या दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत. ओळखपत्र नसलेल्यांना मोफत प्रमाणपत्र मिळतं, त्याचा अर्ज सहा कामाच्या दिवस आधी.

उगाचशंका
मतदान १५ टक्केच झालं तर ग्राह्य धरतात का? आणि आमच्याकडे एका प्लॉटवरून भांडण आहे. तेवढ्यावर "नाही" म्हणता येतं?

टपालीमत
किमान टक्केवारीची अट नाही. टाकलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त होय हवीत. बरोबरी झाली तर प्लॅन पडला. इंग्लंडमधला पहिला रेफरेंडम कम्ब्रियातल्या अपर ईडनचा, ७ मार्च २०१३. मतदान सुमारे ३४ टक्के, त्यात ९० टक्क्यांहून जास्त होय. त्याच वर्षी २ मे रोजी ऑक्सफर्डशरमधल्या थेमला जवळपास ४० टक्के मतदान झालं आणि तीन चतुर्थांशांहून जास्त होय पडली. होयचा कौल हेच सर्वसाधारण चित्र. पडलेले प्लॅन हाताच्या बोटांवर मोजावेत इतके कमी.

एका प्लॉटवर मत देता येत नाही. प्रश्न कायद्यानेच ठरवून दिलाय, त्याचा आशय असा: अमुक भागातल्या प्लॅनिंग अर्जांवर निर्णय घेताना अमुक कौन्सिलने हा नेबरहूड प्लॅन वापरावा असं तुम्हाला वाटतं का? होय किंवा नाही. प्लॉटवरची हरकत मसुद्यावरच्या (रेग्युलेशन १४ आणि १६च्या) सहा-सहा आठवड्यांच्या सल्लामसलतीत नोंदवायची असते. ती वेळ आता गेली. उरलेला मार्ग म्हणजे डिस्ट्रिक्टच्या निर्णयाला कोर्टात आव्हान, सहा आठवड्यांच्या आत, आणि तेही कायद्याच्या मुद्द्यावर. प्लॉट आवडत नाही हा मुद्दा तिथे चालत नाही.

नकाशावाला
निकालानंतरचं थोडक्यात. बहुमत मिळालं की प्लॅन लगेच डेव्हलपमेंट प्लॅनचा (प्लॅनिंग अर्ज ज्याच्या आधारे ठरतात त्या अधिकृत आराखड्याचा) भाग होतो. २०१७च्या नेबरहूड प्लॅनिंग ॲक्टने हे केलं. औपचारिकपणे 'मेक' करायला (म्हणजे मंजूर करून अमलात आणायला) डिस्ट्रिक्टकडे आठ आठवडे असतात. तोवर प्लॅनला वजन नाही असा समज काही प्लॅनिंग कमिट्यांमध्ये अजून आहे, तो खोडून काढा. किंबहुना रेफरेंडमला पाठवायचा निर्णय झाला की मतदानापूर्वीही अर्ज ठरवताना मसुदा विचारात घ्यावाच लागतो. या मधल्या काळातच घाईघाईने मोठे अर्ज दाखल होतात, त्यामुळे पॅरिशच्या हरकतीत हे वाक्य घालायला विसरू नका.

डिस्ट्रिक्टमध्ये सीआयएल (कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही, नव्या बांधकामावरची आकारणी) लागू असेल तर प्लॅन लागू झाल्यावर पॅरिशचा वाटा १५ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर जातो. आणि प्लॅनमध्ये गावाच्या घरांच्या गरजेइतक्या जागा ठरवून दिल्या असतील, तर राष्ट्रीय धोरणाच्या परिच्छेद १४चं (प्लॅनशी विसंगत घरबांधणी अर्जांपासूनचं) संरक्षण पाच वर्षं मिळतं. जागा न ठरवणाऱ्या प्लॅनला ते नाही, आणि हे बऱ्याच गावांना पहिलं अपील हरल्यावर कळतं.

कौल नाही आला तर त्याच स्वरूपातला प्रस्ताव दोन वर्षांत पुन्हा आणल्यास, परिस्थितीत फारसा बदल नसेल तर डिस्ट्रिक्ट तो विचारात घ्यायला नकार देऊ शकतं.

पॅरिशप्रवासी
फोन केला. निर्णय अधिकाऱ्याकडे डेलिगेट नाही, कॅबिनेटपुढे जाणार आहे आणि बैठक चौथ्या आठवड्यात आहे. नकाशाच्या फाइलसाठी कन्सल्टंटला मेल गेलाय, तक्ता उद्यापासून.