मदत हवी आहे: आईचं बोट फोनला 'दिसतच' नाही

उंबरठा

मंडळी, प्रश्न जरा विचित्र वाटेल, पण गेले दोन महिने घरात यावरून कुरबुरी चालल्यात, म्हणून शेवटी इथे विचारते आहे.

आई ७४ वर्षांची आहे. नजर ठीक, हात थरथरत नाहीत, डोकं माझ्यापेक्षा तल्लख. पण फोनचा टच तिला दाद देत नाही. ती आकडा दाबते, काही होत नाही. पुन्हा दाबते, तरी नाही. तिसऱ्यांदा वैतागून जोर लावते, तर फोनला वाटतं दाबून धरलंय आणि भलताच मेनू उघडतो. फोन वाजत असला की हिरवा गोळा सरकवता सरकवता तो बंद होतो आणि पलीकडच्याला वाटतं हिने मुद्दाम उचलला नाही. तोच फोन मी हातात घेतला की सुतासारखा सरळ!

"तुला जमत नाही" हे घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी तिला ऐकवलंय. मीसुद्धा. आता तिने फोन हातात घेणंच कमी केलंय, ते जास्त खुपतंय.

कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की हेच बोट इंडक्शन शेगडीच्या काचेवरची बटणं पहिल्या फटक्यात दाबतं. रांगेचा नंबर देणाऱ्या यंत्राचा पडदाही तिचं निमूट ऐकतो. मग फोनलाच काय धाड भरली आहे?

दुसरा दोष कदाचित वेगळा असेल. चार्जिंगला लावून वापरला तर हा फोन माझ्याही हातात पिसाटतो. एक अक्षर दाबलं की दोन-तीन उमटतात, पान आपोआप वरखाली पळतं.

रीस्टार्ट, अपडेट, पडदा पुसणं सगळं झालं. दुरुस्तीवाल्याने फोन हातात न घेताच "डिस्प्ले बदलावा लागेल" म्हणून सांगितलं. त्याआधी खात्री करायची आहे. दोष पडद्यात, चार्जरमध्ये, की खरंच बोटात?

तारयंत्र

डिस्प्ले बदलू नका, निदान इतक्यात नको. तुमच्या बोटाला तो चालतोय म्हणजे जाळं शाबूत आहे.

जाळं म्हणायचं कारण असं. फोनच्या पडद्याला दाब कळतच नाही. काचेखाली आडव्या-उभ्या पारदर्शक पट्ट्या असतात, बहुतेक वेळा इंडियम टिन ऑक्साइडच्या. आडवी आणि उभी जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे किंचित विद्युतभार साठलेला असतो. बोट जवळ आलं की त्यातला थोडा बोटाकडे वळतो आणि त्या जागेची धारिता (भार साठवण्याची क्षमता) घटते. ही घट किती, तर पिकोफॅरडचा (धारिता मोजायच्या अतिसूक्ष्म एककाचा) काही अंश. आतली चिप सेकंदाला साठ, शंभर किंवा त्याहूनही जास्त वेळा सगळं जाळं मोजून काढते आणि फरक एका ठरावीक उंबरठ्याच्या (तुमच्या नावाचा योगायोग!) वर गेला तरच "बोट आलं" असं मानते. आईचा स्पर्श बहुधा या उंबरठ्याच्या जरा खाली रेंगाळतोय.

वय वाढलं की बोटाच्या टोकाची कातडी कोरडी आणि ताठ होते. कोरडा थर वीज नीट वाहून नेत नाही, आणि ताठ बोट काचेवर पसरत नाही, त्यामुळे टेकलेला भाग लहान राहतो. सुतारकाम करणाऱ्या किंवा रोज तारवाद्य वाजवणाऱ्या तरुणांनाही हाच त्रास होतो. जोर लावल्याने बोट थोडं चपटं होतं, एवढाच त्याचा उपयोग.

आता तीन गोष्टी बघून सांगा. पडद्यावर वेगळी काच लावली आहे का, आणि ती मधोमध नीट चिकटलेली आहे का? आई फोन वापरताना तो कुठे असतो, हातात की टेबलावर? आणि अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील, त्यात 'पॉइंटर लोकेशन' चालू करा. मग फोनला काय दिसतंय ते तुम्हाला रेघांनी दिसेल. आईच्या शेजारी बसून बघा.

फोन आडवा धरून कडाही बघून घ्या. पडदा कुठे वर उचलल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगली असेल. तसं असेल तर बाकी सगळं सोडा, चार्जिंग बंद करा आणि थेट दुरुस्तीला न्या.

साधीसुधी

आमच्या सासूबाईंची अगदी हीच तऱ्हा. मी त्यांना हाताला क्रीम चोळायला लावलं आणि पाच मिनिटांनी फोन दिला. फरक लगेच कळतो. क्रीम हाताशी नसेल तर बोटावर हलकेच हाऽ करून वाफ सोडायची. हसू येतं, पण चालतं. मात्र बोट ओलं करून उपयोग नाही, काचेवर पाणी राहिलं की ते आणखी वेगळे घोटाळे करतं.

जुनाखोड

शेगडी आणि रांगेच्या यंत्राचं कोडं सोडवायचा प्रयत्न करतो, कारण "टचस्क्रीन" हा एकच शब्द आपण तीन-चार निरनिराळ्या युक्त्यांना वापरतो.

शेगडीवरही धारितेचाच खेळ आहे, पण तिथे प्रत्येक बटणाखाली बोटाच्या टोकाएवढा किंवा त्याहून मोठा स्वतंत्र पत्रा असतो. त्याला एवढंच ठरवायचं असतं की बोट आहे की नाही. फोनच्या जाळ्यात पट्ट्या चार-पाच मिलिमीटरवर असतात आणि त्याला बोट नेमकं कुठे आहे तेही काढायचं असतं, तेही हलत्या बोटाचं. त्यामुळे शेगडीला जो स्पर्श भरपूर वाटतो तो फोनला अपुरा.

रांगेचं यंत्र बहुधा दाबाचं किंवा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचं असावं. दाबाच्या प्रकारात दोन विद्युतवाहक थर बारीक ठिपक्यांनी वेगळे ठेवलेले असतात, दाबलं की ते एकमेकांना टेकतात. बोट, नख, पेन, काहीही चालतं. १९७०च्या दशकात अमेरिकेत सॅम्युअल हर्स्ट यांच्या कामातून हा प्रकार पुढे आला. अवरक्त प्रकारात पडद्याच्या कडांना किरणांचं कुंपण असतं आणि ते कुठे अडलं ते मोजतात. १९७२च्या प्लेटो ४ या शिक्षणासाठीच्या संगणकाला असा १६ बाय १६ चौकटींचा पडदा होता. आईंचं बोट त्याला बिनतक्रार दिसलं असतं.

गंमत अशी की धारितेची युक्ती यांच्याही आधीची. १९६५ साली इंग्लंडमधल्या मॅल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी ती मांडली होती, विमान वाहतूक नियंत्रकांसाठी.

बोलघेवडा

एवढं पुराण सांगितल्यावर कुणीतरी सरळ म्हणा ना की बटणं काढून टाकणं हाच मूर्खपणा होता! बटण खाली जातं, टक् वाजतं, बोटाला कळतं की काम झालं. काचेला ना खड्डा ना उंचवटा. म्हणूनच म्हातारी माणसं पुन्हा पुन्हा दाबतात. अमेरिकी नौदलाचंच बघा. २०१७ साली जॉन एस. मॅकेन या युद्धनौकेची सिंगापूरजवळ टक्कर झाली, दहा नौसैनिक गेले. चौकशीत सुकाणू आणि वेगाच्या टचस्क्रीनवर बोट ठेवलं गेलं आणि नौदलाने पुन्हा हाताने ढकलायच्या दांड्या बसवायचं ठरवलं. गाड्यांचंही तेच, गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर वगैरेंना खरी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलंय.

साधीसुधी

बोलघेवडा, मुद्दा मान्य, पण बाईंना युद्धनौका चालवायची नाहीये, लेकीचा फोन उचलायचाय.

उंबरठा

साधीसुधी, :) आणि सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी आईला शेजारी बसवून सगळं केलं. बॅटरी ठीक आहे, कडा सपाट आहेत.

पॉइंटर लोकेशन चालू केल्यावर जे दिसलं ते बघून मी गप्पच झाले. मी बोट टेकवलं की अधिकची फुली उमटते आणि बोट उचलेपर्यंत ठाम राहते. आईने टेकवलं तर चारपैकी दोनदा काहीच नाही. एकदा फुली लुकलुकून गेली. एकदा एकाच दाबण्याचे दोन तुटक तुकडे पडले, म्हणजे फोनच्या लेखी तिने दोनदा दाबलं होतं. आणि ती आपली शांतपणे म्हणतेय, "एकदाच दाबलं गं."

मग तिच्या बोटाकडे बघितलं. इतके दिवस कुणी बघितलंच नव्हतं. ती बोट उभं धरते, जवळजवळ काटकोनात, त्यामुळे आधी नखाची कड टेकते आणि मांसल भागाचा जेमतेम तिळाएवढा ठिपका. असं का, तर "काच खराब होऊ नये म्हणून". आणि फोन नेहमी टेबलावर पालथ्या वहीवर ठेवलेला. हातात धरतच नाही, पडेल म्हणून.

वरची काच फक्त कडेने चिकटलेली निघाली. मधे दाबलं की किंचित खाली जाते.

चार्जिंगचं: चार्जर लावून मी एक बोट टेकवलं, तर त्याच उभ्या रेषेत वर-खाली दुसऱ्या फुल्या नाचायला लागल्या. बोट उचललं की गायब. चार्जर काढला की सगळं शांत. हा चार्जर फोनबरोबरचा नाही, घरात पडलेला कुठलासा आहे.

तारयंत्र

वा, याहून चांगली तपासणी दुकानातही झाली नसती.

चार्जरवर शिक्कामोर्तब झालं. स्वस्त चार्जरच्या आत वीज वेगाने चालू-बंद होत असते आणि तिचा गोंगाट नीट गाळला जात नाही. तो तारेतून फोनच्या जमिनीवर (ज्या पातळीला शून्य धरून फोन सगळं मोजतो तिच्यावर) चढतो, म्हणजे सगळा फोनच तुमच्या शरीराच्या तुलनेत विजेने हेलकावे खातो. बोट टेकलं की तो गोंगाट बोटावाटे त्या ओळीच्या पट्ट्यांत शिरतो, म्हणून भुताटकी त्याच रेषेत दिसते आणि बोट उचलल्यावर थांबते. फोनबरोबर आलेला किंवा त्याच कंपनीचा चार्जर वापरा.

वरची काच काढा. चिकट थर पूर्ण पडद्यावर असलेली पातळ लावा किंवा काहीच लावू नका. हवेचा दशांश मिलिमीटरचा थर म्हणजे या कामापुरती अर्ध्या मिलिमीटरहून जाड काचच समजा.

फोन टेबलावर ठेवण्याची सवय दिसते तितकी निरुपद्रवी नाही. बोटाकडे वळलेल्या भाराला फोनपर्यंत परत यायला वाट लागते. दुसऱ्या हातात फोन असला की ती वाट शरीरातूनच मिळते. वहीवर एकटा पडलेला फोन अधांतरी असतो आणि आधीच अशक्त असलेला इशारा आणखी क्षीण होतो. पडायची भीती असेल तर मागे बोट अडकवायची कडी लावून द्या. फोन टेबलावरच ठेवायचा असेल तर निदान डाव्या हाताने त्याची कड धरायला सांगा.

बोट आडवं टेकवायचं, ठसा उमटवताना टेकवतो तसं. तेवढ्याने काच खराब होत नाही.

सेटिंगमध्ये 'टच सेन्सिटिव्हिटी' किंवा हातमोज्यांसाठीची सोय असेल तर चालू करा, त्याने तो उंबरठा खाली येतो. अॅक्सेसिबिलिटीत दाबून धरण्याचा कालावधी लांबवा, म्हणजे भलते मेनू थांबतील. पुनःपुन्हा झालेले स्पर्श दुर्लक्षित करायची सोयही बऱ्याच फोनांत असते. एका दाबाची दोन अक्षरं तिने कमी होतील.

उंबरठा

चार दिवसांनी कळवते आहे.

काच काढली. चार्जर बदलला, भुतं गेली. टच सेन्सिटिव्हिटी सापडली, दाबून धरण्याचा वेळ सर्वांत लांब केला. फोनच्या पाठीला कडी लावली. क्रीमचा प्रयोग आईने पहिल्याच दिवशी धुडकावला ("फोनसाठी मी नटू?"), पण वाफेची युक्ती मात्र आवडली आहे. नंबर फिरवण्याआधी चष्मा पुसल्यासारखं बोटावर हाऽ करते.

पॉइंटर लोकेशनवर पुन्हा बघितलं. दहापैकी नऊ वेळा फुली ठाम. एकदा चुकलं ते पुन्हा बोट उभं धरल्यामुळे. तिने स्वतःच ओळखलं, मी सांगायच्या आधी. ते रेघांचं जाळं मी बंद करायला गेले तर म्हणाली, राहू दे, त्यात दिसतं.

हिरवा गोळा सरकवणं अजून पूर्ण बसलेलं नाही. सरकवताना बोट मधेच उचललं जातं. तिच्या फोनमध्ये आवाज वाढवायच्या बटणाने फोन उचलायची सोय निघाली, सध्या त्यावर भागतंय. (बोलघेवडा, घ्या, बटणच कामी आलं.) सरकवण्याऐवजी एकदा टेकवून फोन उचलता येईल अशी सेटिंग कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा.

डिस्प्ले बदलायचा बेत रद्द. दुरुस्तीवाल्याला कळवायचं राहिलंय.