पाचशे झाडांच्या फोटोवर जर्मनीचा बायर गप बसेल का?

टॉवेलवाला_सोलापूर:
नमस्कार मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल युनिटच्या ऑफिसात आहे, मेल, बिलं, डिस्पॅच सगळं मीच बघतो. पार्टनरशिप फर्म आहे, लूम आमचे आणि रंगाई पण आमचीच. आता झालंय असं की जर्मनीच्या बायरने, म्हणजे आमचे टॉवेल घेणाऱ्या गिऱ्हाइकाने, एक्सेलची ही मोठी फाईल पाठवलीय, महिन्याला पाणी किती लागतं, सांडपाण्याचं काय करता, बॉयलरला काय जाळता, कामगारांचे तास किती, कानाला प्लग देता का, असलं सगळं. मालकांना दाखवलं तर म्हणायलेत, "आपण सीएसआर, म्हणजे कंपन्या करतात ते समाजकार्य, करू की, पावसाळ्यात नान्नजकडं माळावर पाचशे झाडं लावू, शाळेत वह्या वाटू, फोटो पाठवून दे त्याला." बॅनरचं डिझाईन पण टाकलंय त्यांनी. तर मला दोन गोष्टी सांगा, एक म्हणजे आमच्यासारख्याला सीएसआर कायद्याने लागू होतो का, आणि दुसरं, झाडांच्या फोटोवर हा माणूस गप बसेल का? मालक माणूस चांगलाय, उगं त्यांना वाईट बोलू नका.

हिशेबवही:
लागू नाही. ते कलम १३५, कंपनी कायदा २०१३ मधलं, १ एप्रिल २०१४ पासून आहे आणि ते कंपन्यांना आहे, पार्टनरशिपला नाही, त्यामुळे विषय तिथंच संपला. उद्या प्रायव्हेट लिमिटेड केलंत तरी आदल्या वर्षी नेटवर्थ (मालमत्ता वजा देणी) ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एखादं तरी भरलं पाहिजे, मग मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे. एनटीपीसीसारख्यांचा विषय आहे तो.
आणि एक सांगू का, ज्यांना लागू आहे त्यांनासुद्धा फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च किंवा धंद्याच्या रोजच्या कामाचा खर्च यात धरता येत नाही. म्हणजे ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) चालवला, कामगाराला प्लग दिले, हे सीएसआर नव्हेच, ते तुम्हाला तसंही करायचंच आहे. तुमच्या बायरने नेमकं तेच विचारलंय, सीएसआर त्याने विचारलेलाच नाही. फाईल परत वाचा.

जोडभावी_बे:
वह्यांच्या कव्हरवर मालकाचा फोटो असणार का ओ? असेल तर दोन डझन इकडं पाठवा, आमच्या पोराला रफला लागतात. हाहाहा

रंगारी_अण्णा:
बरीच वर्षं डाईंगमध्ये काढलीत म्हणून लिहितो, जरा लांबेल.
टॉवेलला रिअ‍ॅक्टिव्ह रंग, म्हणजे कापसाच्या धाग्याला पक्का चिकटणारा, वापरत असणार. तो कापसावर चढायला मीठ लागतंय, गडद शेडला लिटरमागे ५०-६० ग्रॅम, कधी त्याच्याही वर. रंग काही सगळा चढत नाही, उरलेला धुण्यात जातो, आणि मीठ तर जवळजवळ सगळंच पाण्यात जातंय कारण ते कापडात राहायला आलेलंच नसतं. आता आपल्याकडं काय करतात, चुना आणि फेरस टाकला की रंग खाली बसतो, वरचं पाणी स्वच्छ दिसतं, मालक खूश, पाहुण्याला ग्लासात भरून दाखवतात. पण मीठ त्यात तसंच असतंय! टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, बुडवा म्हणजे कळेल. तेच पाणी नाल्याला लागलं की पुढं ज्याची विहीर आणि जमीन आहे त्याचं वाटोळं. मीठ काढायचं तर आरओ फिल्टर आणि त्याच्या मागं पाणी आटवणारा इव्हॅपोरेटर लागतो, एकट्या छोट्या युनिटला ते परवडत नाही हे मला मान्य आहे, खोटं कशाला बोलू.
पण जे परवडतं ते तरी करा की. आधी पाण्याला मीटर बसवा, निम्म्या युनिटांत बोअरला मीटरच नसतो मग एक्सेलमध्ये आकडा कुठनं भरणार? शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला घ्या, कमी मिठाचे रंग मिळतात त्यांची ट्रायल घ्या. आणि वाफेचं कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) गटारात सोडत असाल तर ते पैसे सोडताय, गरम आणि चांगलं पाणी आहे ते, बॉयलरच्या टाकीत परत घ्या. बॉयलरला जाणारं फीडचं पाणी साधारण ६ डिग्री गरम झालं की १ टक्का जळण वाचतं, हा हिशोब कुठल्याही बॉयलरवाल्याला विचारा. मालकाला झाडांऐवजी हा कागद दाखवा, लगेच ऐकतील.

माळरान_भटका:
नान्नजला झाडं लावू नका हो, हात जोडतो! ते माळढोकाचं अभयारण्य आहे, १९७९ चं, त्या पक्ष्याला उघडा गवताळ माळच लागतो, लांबवर दिसलं पाहिजे त्याला. काळवीट, लांडगे पण त्याच माळावर. लोकांना वाटतं गवत आहे म्हणजे जागा पडीक, लावा झाडं. तिथं झाडी करणं म्हणजे त्यांचं घर मोडणं. शिवाय वनखात्याची जमीन असली तर परवानगी लागेल ते वेगळंच. लावायचीच असतील तर कंपाउंडमध्ये पंधरा-वीस कडुलिंब लावा आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार ते आत्ताच ठरवा.

संस्थेतली_ताई:
वरचं सगळं बरोबर, पण कामगारांचा कॉलम कुणी बोललंच नाही. लूमच्या खात्यात आवाज ९० डेसिबलच्या वर असतोच, माझे सासरे रिटायर होईपर्यंत टीव्ही फुल आवाजात लावायचे, आता तर ऐकूच येत नाही. प्लग देऊन उपयोग नाही, घालतात का ते बघावं लागतं, उन्हाळ्यात घामाने खाज सुटते म्हणून काढून ठेवतात. कांडी भरणाऱ्या बायकांसाठी वेगळा संडास आहे का, ईएसआयसीचं (सरकारी कामगार विम्याचं) कार्ड सगळ्यांचं आहे का का फक्त कायम असलेल्यांचं, हे बघा.
वह्या वाटायला माझा विरोध नाही. पण आमच्याकडं मार्च आला की मोठ्या कंपन्यांचे फोन सुरू होतात, ताई पैसे संपवायचेत, आठ दिवसांत प्रोजेक्ट द्या. सीएसआरचे पैसे घ्यायला संस्थेला सीएसआर-१ नोंदणीचा नंबर लागतो, इन्कम टॅक्सची १२ए, ८०जी नोंदणी लागते, ते सगळं आम्ही करून ठेवलंय, पण आठ दिवसांत कसला प्रोजेक्ट होतो सांगा बरं? शेवटी वह्याच होतात.

टॉवेलवाला_सोलापूर:
अण्णा, ताई, लई आभार. कंडेन्सेटचं सांगितल्यावर मालक सरळ बॉयलरकडं गेले, खरंच गटारातच जायलाय. आता एकच, आमच्याकडं ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० चं सर्टिफिकेट आहे, ते पाण्याच्या कॉलममध्ये जोडलं तर चालतंय का?

रंगारी_अण्णा:
नाही चालत. ते तयार मालात घातक केमिकल नाही याचं सर्टिफिकेट आहे, टॉवेल अंगाला लागतो म्हणून. तुमच्या नाल्याला काय लागतंय ते त्यात येत नाही. मालाच्या कॉलमला जोडा, पाण्याला मीटर बसवून पुढच्या महिन्याचं रीडिंग लिहा आणि "आतापर्यंत मोजत नव्हतो, आता सुरू केलंय" असं सरळ लिहा. आणि टीडीएस मीटर घेताना स्वस्तातला पेनवाला घेऊ नका, मिठाच्या पाण्यात त्याची रेंज संपते.

जोडभावी_बे:
आणि ते बॅनर छापलं का ओ?

टॉवेलवाला_सोलापूर:
छापलंय बे. नान्नज खोडून "कंपाउंड" चिकटवायलेत.