"एकरी किती झाला?" हा प्रश्न पारावर विचारणं बंद करावं का?

कोरडवाहू (दारव्हा)
कापसाची वेचणी सुरू झाली की गावात एकच विषय, एकरी किती क्विंटल. कमी झाला तो कास्तकार पारावर यायचंच टाळतो. माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न बंद करा. माझी जमीन बरड, हातभर खणलं की मुरूम. धुऱ्यापलीकडे भारी काळी, वरून विहिरीचं ओलित. पावसानं पंधरा दिवस दडी मारली तर तिकडची पऱ्हाटी तग धरते, माझी पात्या-फुलं गाळून मोकळी होते. दोघांना एकाच मापानं मोजून मी स्वतःला नालायक काहून समजू? आणि हे मनात कुढण्यापुरतं राहत नाही. शेजाऱ्याच्या दारात ट्रॅक्टर उभा राहिला म्हणून पाच एकरवाला ट्रॅक्टर काढतो, मग हप्त्यासाठी सावकाराचं दार.

पांदणरस्ता (अकोट)
भाऊ, जमिनीचं पटलं, बाकी नाही. दुसऱ्याचं पाहिलं नाही तर शिकायचं कुठून? २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं मार दिल्यावर आमच्याकडे फरदडीचा, म्हणजे वेचणी संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून आणखी कापूस घ्यायचा, मोह सुटला, तो एकमेकांची वावरं पाहूनच. सोयाबीनचंही तेच. शेजाऱ्यानं रुंद वरंब्यावर पेरलं, झड लागली तेव्हा त्याचं पाणी सरीतून निघून गेलं. माझं सपाट वावर पिवळं पडलं. जळलो, पण पुढच्या मृगात मीही सऱ्या पाडल्या.

कोरडवाहू
सरी पाहा ना, कोण नाही म्हणतो! सरी पाहून माणूस पेरणी बदलतो. आकडा ऐकून रात्रभर कूस बदलतो.

शाळामास्तर (आर्वी)
लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडलं होतं की मोजायला पक्कं माप नसलं की माणूस आपली कुवत आपल्यासारख्याच माणसांशी ताडून पाहतो. म्हणून टाटा-अंबानींचं आपल्याला काही वाटत नाही, वाटणीत तेवढीच जमीन मिळालेल्या चुलतभावाचं मात्र खुपतं. तेव्हा प्रश्न बंद करून सवय जाणार नाही, माप बदलावं लागेल. पारावर क्विंटल सांगतात, खर्च कोणी सांगतो का? बियाणं, खत, फवारण्या, वेचणीची मजुरी वजा करून एकरी काय उरलं ते वहीत लिहा आणि आपल्याच मागच्या सालाशी लावून पाहा.

मायमाउली (मोर्शी)
तुम्ही सगळे क्विंटलवर भांडता. बाईची तुलना ती स्वतः करायच्या आधीच चार जणी करून मोकळ्या होतात. हळदीकुंकवाला गेलं की, "तिचा पोरगा पुण्याला कंपनीत लागला, तुझं पोट्टं काय करते?" माझा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो, अंधारात उठून पांदणीनं धावतो. घरी कोणी दुसऱ्याचं नाव काढलं की त्याचा घास हातातच थांबतो. मास्तर, हे वहीनं कसं थांबेल? मी जाऊबाईंना तोंडावर सांगितलं, माझ्या पोरासमोर कोणाच्या पोराचं उदाहरण द्यायचं नाही. वाईट वाटलं त्यांना, पण थांबलं.

पांदणरस्ता
ताई, तोंडावर बोललात ते बरं केलं. पण जो भरती झाला त्याच्याकडून काही घ्यायचंच नाही का?

मायमाउली
घेतो की. गावातला एक पोरगा मागच्या भरतीत लागला, त्याच्याकडे हा आपणहून गेला. सोळाशे मीटरला दम कसा राखायचा, गोळा कुठून सोडायचा, सगळं विचारून आला. मी पाठवला असता तर गेला नसता. ज्याला जायचं त्यानं जावं, त्याच्या अंगावर दुसऱ्याचं नाव फेकू नये, एवढंच माझं म्हणणं.

कोरडवाहू
ताईंचं शंभर टक्के पटलं. वहीही करतो. पण पारावर आकडा सांगणार नाही.

पांदणरस्ता
पारावर नका सांगू, इथं टाका. शेवटची वेचणी झाली की खर्चासकट. मीही माझा टाकतो.

कोरडवाहू
टाकतो. पण आकड्याच्या आधी जमीन किती खोल आणि ओलित आहे का नाही, हे दोघांनीही लिहायचं.