पूर दिसत नाही, कारण ती बघत नाही
'पूर नीट दाखवलाच नाही, सगळा वेळ बाळातच गेला' हा 'द एंड वी स्टार्ट फ्रॉम' या सिनेमावर इथे कुणीतरी घेतलेला आक्षेप मला पटला नाही. हा सिनेमा आपत्तीकडे ओल्या बाळंतिणीच्या नजरेनंच बघतो. माझे पहिले दोन महिने आठवतात: पाजणं, ढेकर, झोप, पुन्हा पाजणं. खिडकीबाहेर काय चाललंय याचा पत्ताच नसायचा. लंडन बुडत असताना नायिकेचं (अभिनेत्री जोडी कोमर) जग तेवढंच उरतं, हे मला अगदी खरं वाटलं.

आणखी एक, जे इथे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. मुख्य पात्रांना नावंच नाहीत. जोडीदार नुसता 'आर', वाटेत भेटलेली मैत्रीण 'ओ'. (मेगन हंटरच्या २०१७च्या मूळ कादंबरीतही माणसं अशीच एकेका अक्षराची आहेत.) अख्खं नाव मिळतं ते बाळाला, झेब. ते ऐकताना दरवेळी माझा गळा दाटून आला.