कोलफॅक्सची पाटी काढली ते योग्यच झालं

काळी माती:
अमेरिकेत लुइझियानामध्ये कोलफॅक्स नावाचं जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव आहे. तिथल्या कोर्टाजवळ राज्य सरकारने १९५० साली रस्त्याकडेला एक पाटी उभारली. मजकूर साधारण असा: या जागी कोलफॅक्स दंगल झाली, तीत तीन गोरे आणि १५० निग्रो मारले गेले, १३ एप्रिल १८७३ च्या या घटनेने दक्षिणेतला उपऱ्यांचा (म्हणजे यादवी युद्धानंतर उत्तरेतून आलेल्यांचा) गैरकारभार संपला.

घडलं काय होतं? लुइझियानात १८७२ ची निवडणूक कोण जिंकलं, यावरून वाद पेटलेला. नुकतेच गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय कोर्टाची इमारत राखत होते. ईस्टरच्या रविवारी गोऱ्यांची सशस्त्र टोळी तोफ घेऊन आली, इमारतीला आग लावली, शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या. पकडलेल्या कैद्यांना तर रात्री मारलं. आणि सरकारी पाटी सांगते, गैरकारभार संपला! २०२१ च्या मे महिन्यात ती काढली. सत्तर वर्षं उशीर झाला, पण काढली.

काठावरचा:
सहमत नाही. ती पाटी १८७३ चा पुरावा नसेलही, पण १९५० चा नक्कीच आहे. शासन स्वतःच्या खर्चाने कत्तलीचं कौतुक करत होतं, हे दाखवायला याहून भक्कम साधन नाही. जागेवरच ठेवून शेजारी खरा इतिहास लिहायचा होता. काढून टाकल्याने सरकार अलगद सुटलं.

काळी माती:
पुरावा संग्रहालयात ठेवा ना, कोण नको म्हणतंय? कोर्टात कामासाठी येणाऱ्या माणसाने, आपल्या पणजोबांना मारलं ते बरं झालं, असं सरकारी अक्षरांत किती दिवस वाचायचं? तेही त्याच कोर्टाबाहेर!

रानवारा:
कोर्टाचा विषय निघालाच आहे तर पुढचंही सांगते. ९७ जणांवर आरोप ठेवले, दोषी ठरले फक्त तिघे. १८७६ मध्ये क्रुइकशँक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेही सोडले. सर्वांना कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीचं बंधन राज्यांवर आहे, खासगी व्यक्तींवर नाही, असा निकालाचा सूर. मग टोळ्यांना रान मोकळंच मिळालं. पाटीत या खटल्याचं नावही नव्हतं. अर्धवट पाटी जपून नेमकं काय जपणार?

काठावरचा:
खटल्याचा मुद्दा मान्य. पण म्हणूनच शेजारी दुसरी पाटी हवी, असं म्हणतोय. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय खोटेपणा कळणार कसा?

काळी माती:
दुसरी झाली की. १३ एप्रिल २०२३ ला, दीडशे वर्षांनी, काळ्या ग्रॅनाइटचं स्मारक उभं राहिलं. त्यावर मारल्या गेलेल्यांची नावं आहेत, जेवढी सापडली तेवढी. पुढाकार घेतला तो मारले गेलेल्यांच्या आणि मारणाऱ्यांच्याही वंशजांनी मिळून. ‘१५० निग्रो’ म्हणून एका आकड्यात कोंबलेली माणसं नावानिशी दिसली, मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

रानवारा:
गावच्या दफनभूमीतला १९२१ चा स्तंभ मात्र राहिला आहे. मेलेल्या तीन गोऱ्यांना त्यावर ‘वीर’ म्हटलंय, ‘गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढताना पडले’ असं चक्क कोरलंय. काठावरचा, तुमचा युक्तिवाद तिथे जास्त लागू पडतो.

काठावरचा:
हो, आणि तिथे मी मागे हटणार नाही. स्तंभ पाडू नये. समोर ठळक माहितीफलक लावावा, कैद्यांच्या हत्येसकट. खर्च राज्य सरकारने करावा. १९५० ची पाटी त्यांनीच लावली होती.