शब्दचर्चा: मागे न घेतलेलं ‘कॅलेंडर’

शाईचा डाग: ‘एका फुटीर नेत्याची गोष्ट’ या नावाने काश्मीरच्या यासिन मलिकवरचा लेख इंग्रजीतून मराठीत करते आहे. २५ मे २०२२ ला दिल्लीच्या विशेष एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था) न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली, त्या निकालाशी अडलेय. १९९४ मध्ये शस्त्र सोडल्यापासून आपण गांधीमार्गाने चाललो, हा मलिकचा दावा. न्यायाधीशांनी तो धुडकावला. चौरीचौरा घडल्यावर गांधींनी असहकार थांबवला; याने खोऱ्यात एवढा हिंसाचार होऊनही ना निषेध केला, ना ‘कॅलेंडर’ मागे घेतलं. २०१६ मध्ये हिजबुल मुजाहिदीन या सशस्त्र संघटनेचा बुऱ्हाण वानी मारला गेल्यावर हुर्रियत आघाडीच्या दोन गटांचे नेते गिलानी व मीरवाइज, आणि मलिक मिळून जे पत्रक काढत, ते हे कॅलेंडर: कुठल्या दिवशी बंद, कधी मोर्चा, संध्याकाळी दुकानांना सूट केव्हा. मी ‘कॅलेंडर’च ठेवलं होतं, संपादकांनी ‘दिनदर्शिका’ केलं. वाचणाऱ्याला वाटेल, बाबाने एकादशी मागे घेतली नाही. सुचवा काहीतरी.

खडीसाखर: आंदोलनाचा कार्यक्रम.

जुना खिळा: कार्यक्रम म्हटलं की हारतुरे. ‘बंदचं वेळापत्रक’ करा. पण ताई, आधी ते शीर्षक बदला. फुटीर आमदार असतात, पक्ष फोडून जातात. काश्मीर वेगळं मागणारा तो फुटीरतावादी.

खडीसाखर: ‘-तावादी’ हे शेपूट हवंच कशाला? फुटून निघू पाहतो तो फुटीर. सहा अक्षरी शब्द केला की मराठी भारदस्त होते, हा वर्तमानपत्रांचा समज.

जुना खिळा: अर्थ बदलतो म्हणून हवं. १९८७ ला हाच मलिक श्रीनगरच्या अमिराकदलमध्ये मोहम्मद युसूफ शाहसाठी निवडणुकीत राबत होता. शाह हरला, गैरप्रकाराचे आरोप झाले, आणि तोच पुढे हिजबुलचा म्होरक्या सय्यद सलाहुद्दीन झाला. मलिक गेला जेकेएलएफमध्ये, म्हणजे स्वतंत्र काश्मीर मागणाऱ्या सशस्त्र संघटनेत. यात पक्ष कुठे फुटला?

दुपारची झोप: एकच शब्द पुरणारच नाही. १९९० ला आमच्याकडे यायचा त्या पेपरात जेकेएलएफवाले ‘अतिरेकी’ असायचे, पंजाबातले असत तसेच. २००६ ला मलिक मनमोहनसिंगांना भेटला तेव्हा ‘फुटीरतावादी नेते’, तेही आदरार्थी बहुवचनात! २०२२ ला ‘दहशतवादी’, एकवचनात. कुणाची प्रतिमा कधी काय होती हे कळायला क्रियापदाचं वचन बघावं.

निळी फाईल: प्रतिमा राहू द्या. २५ जानेवारी १९९० ला श्रीनगरच्या रावळपोऱ्यात हवाई दलाचे चार जण गोळ्या घालून मारले, आरोप मलिकवर. त्या घरच्यांना विचारा कुठला शब्द.

शाईचा डाग: ते लेखात आहे. पण २०२२ ची शिक्षा त्या खटल्यातली नाही. ती दहशतवादाला पैसा पुरवल्याच्या आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारल्याच्या गुन्ह्यांची. हे दोन्ही एका वाक्यात आले की लोक गोंधळतात.

निळी फाईल: मग ‘दहशतवादाच्या गुन्ह्यांत दोषी ठरलेला’ म्हणा. लांब आहे, पण खरं आहे.

शुद्धमती: दहशत फारसी. आतंक आपला.

दुपारची झोप: आतंक संस्कृतात रोगालाही म्हणतात. आणि ‘आतंकवादी’ हिंदी बातम्यांतून आला, तो ‘आपला’ कधीपासून? खोऱ्यातही शब्द कोण बोलतो त्यावर ठरतो. उर्दूत बाहेरचे ‘अलाहिदगी पसंद’ म्हणतील, त्यांचे लोक ‘आझादी पसंद’. ‘हुर्रियत’चा अर्थच स्वातंत्र्य.

वऱ्हाडी ठेचा: जन्मठेपेतली ‘ठेप’ कुठली हो? आमची आजी जावयाची ठेप ठेवायची, म्हणजे बडदास्त. त्या हिशेबाने जन्मभराचा सरकारी पाहुणचार.

जुना खिळा: ठेपणे, ‘दारात येऊन ठेपला’ मधलं. जन्म जिथे येऊन ठेपतो तिथपर्यंत. (पुरावा मागू नये.)

निळी फाईल: कायद्यात ‘आजीवन कारावास’. आणि चौदा वर्षांत सुटका होतेच, हे डोक्यातून काढा. १९६१ ला गोपाळ गोडसेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, सरकारने सूट दिली नाही तर जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य.

शाईचा डाग: मग मलिकला ‘दोन जन्मठेपा’ कशा? एकच आयुष्य आहे ना?

निळी फाईल: दोन कलमांच्या दोन, पण एकत्र भोगायच्या. सावरकरांना १९११ पर्यंत दोन झाल्या, त्या एकामागून एक. एक पंचवीस वर्षांची धरून पन्नास.

शुद्धमती: सावरकरांचं नाव या धाग्यात?

निळी फाईल: शिक्षेच्या गणिताचं उदाहरण दिलं, तुलना नाही केली.

शुद्धमती: केलीत. आणि ‘जन्मठेपा’ हे अनेकवचनही चूक. जन्मठेपी.

वऱ्हाडी ठेचा: मग खेपा की खेपी?