कोल्हापूरची निसर्गचित्रं व्हीलचेअरवरून कशी पाहता येतील?

मासुंदा: वडिलांना घेऊन ठाण्याहून जायचं आहे. चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आणि टाउन हॉलमधलं संग्रहालय बघायचं आहे. खुर्चीची बाहेरून रुंदी ६४ सेंमी. आधी काय विचारून ठेवू?

पारसिक: "रॅम्प आहे का" एवढंच विचारू नका, "हो" म्हणतात आणि तिथे नुसती फळी टाकलेली असते. किती पायऱ्या, एकेक केवढी उंच, ते विचारा. उताराचं प्रमाण १:१२ लागतं, म्हणजे १५ सेंमीच्या दोन पायऱ्यांना ३.६ मीटर. गाडीत मावणारा दीड मीटरचा रॅम्प तिथे फार उभा पडतो. मांडऱ्यांचं संग्रहालय म्हणजे राजारामपुरीतला त्यांचा बंगलाच, तेव्हा दारांची मोकळी रुंदीही टेपने मोजून सांगायला लावा. स्वच्छतागृहाचं दार विसरू नका, घरोघरी तेच सर्वांत अरुंद असतं. आणि सोमवार टाळा.

उंबरा २ सेंमीचा असला तरी पुढची छोटी चाकं अडतात आणि बसलेला माणूस पुढे झुकतो. खुर्ची उलटी करून मागची मोठी चाकं आधी ओढून घ्या. रॅम्प उतरतानाही उलटंच.

खाडीकाठ: आत गेल्यावरची अडचण कोणी सांगत नाही. चित्राचा मध्य साधारण १५० सेंमीवर टांगतात, बसलेल्याचे डोळे ११५ च्या आसपास. खालून वर पाहिलं की काचेत छतावरचे दिवे दिसतात, उभ्या माणसाला ते दिसतच नाहीत. मांडऱ्यांची पावडर शेडिंगची चित्रं म्हणजे कागदावर घासलेली कोरडी रंगपूड, तिला काच लागतेच. एक मीटरवरून नजर १९ अंश वर जाते, दोन मीटरवरून १०. म्हणून आधी खुर्ची मागे घ्या. तरी चकाकलं तर हातभर बाजूला सरकवा, ब्रेक लावा, मग निवांत बघू द्या. टाउन हॉलमध्ये चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं आवर्जून बघा. कोटितीर्थ, रंकाळा हे कोल्हापुरातले तलाव त्यांनी पुन्हापुन्हा रंगवले. जलरंग उजेडाने उडतात म्हणून संग्रहालयांत उजेड मंद, ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास ठेवायची पद्धत आहे. उन्हातून आल्यावर डोळे सरावायला पाच-दहा मिनिटं द्या, मगच पाण्यावरची फिकट छटा सुटी दिसते.

पारसिक: रेल्वेने जाणार असाल तर दिव्यांगांचा डबा बहुधा गाडीच्या टोकाला, गार्डजवळ असतो. कुठल्या टोकाला ते फलाटावर आधीच विचारून उभे राहा. सवलतीचं रेल्वेचं ओळखपत्र असेल तर सोबत्यालाही सवलत मिळते.

मासुंदा: उद्याच फोन करून पायऱ्या आणि दारांची मापं घेतो, इथे टाकतो.